मानसिक आजार आणि शाळेचे दार : सोय नाकारणे हाही भेदभावच

चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या विद्यार्थ्याला पायऱ्यांमुळे वर्गापर्यंत पोहोचता आले नाही, तर उणीव शाळेच्या इमारतीत आहे, हे आता बहुतेकांना पटते. मात्र नैराश्याच्या आजाराशी झुंजणारी एखादी विद्यार्थिनी औषधांच्या गुंगीमुळे सकाळी सातच्या शाळेत वेळेवर पोहोचू शकली नाही, तर तिच्या नावापुढे 'आळशी', 'बेशिस्त', 'अभ्यासाची टाळाटाळ करणारी' असे शेरे पडतात. पहिल्या विद्यार्थ्याची अडचण डोळ्यांना दिसते, दुसरीची दिसत नाही.

देशाचा कायदा मात्र या दोघांमध्ये फरक करीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याच्या अनुसूचीत ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश करण्यात आला आहे, त्यांमध्ये मानसिक आजाराचाही उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्तीला आवश्यक असलेली वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे, असे या कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट करण्यात आले आहे. मुलाला मारले नाही, हिणवले नाही, शाळेतून काढलेही नाही. केवळ त्याला लागणारी सोय कारण न देता नाकारली, एवढ्यानेही कायद्याचा भंग होऊ शकतो. अनेक शाळांना आणि त्याहूनही अधिक पालकांना याची कल्पना नसते. परिणामी हक्क म्हणून मिळावयाची गोष्ट मेहरबानी म्हणून मागितली जाते आणि बहुधा नाकारली जाते.

प्रश्नाची व्याप्ती

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले होते. त्यात १३ ते १७ वर्षे वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळून आले. हे प्रमाण सर्वसाधारण मानले, तर साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरीने चार मुले या गटात मोडतात. त्या सर्वांचा आजार दिव्यांगत्वाच्या पातळीला पोहोचतो, असे नाही. तथापि, ज्यांचा पोहोचतो अशी मुले जवळपास प्रत्येक मोठ्या शाळेत असणार, हे उघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयोगटातील दर सात व्यक्तींमागे एकीला मानसिक विकार असतो. यांपैकी अनेक आजारांची सुरुवातच किशोरवयात होते. नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ, द्विध्रुवीय विकार हे आजार नववी-दहावी किंवा अकरावी-बारावीच्या सुमारास प्रथम डोके वर काढू शकतात. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभी प्रकट होतो. म्हणजेच शालेय जीवनातील सर्वांत निर्णायक परीक्षा आणि या आजारांचा उंबरठा एकाच वयात समोरासमोर येतात.

नावांचा गोंधळ

मराठी समाजात, आणि शाळांच्या दप्तरांतही, दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते. बौद्धिक दिव्यांगत्व ही बुद्धीच्या वाढीशी संबंधित अवस्था आहे. पूर्वी तिच्यासाठी 'मतिमंदत्व' हा शब्द वापरला जात असे. तो आता अवमानकारक मानला जातो. मानसिक आजार ही त्याहून निराळी गोष्ट आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मरण यांत निर्माण झालेला असा गंभीर बिघाड, की ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची जाण किंवा आयुष्याच्या सामान्य गरजा भागवण्याची क्षमता मोठ्या प्रमाणावर बाधित होते, असा मानसिक आजाराच्या कायदेशीर व्याख्येचा आशय आहे. बौद्धिक वाढ अपुरी राहण्याची अवस्था या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आली आहे.

हा भेद समजून घेणे व्यवहारातही महत्त्वाचे आहे. मानसिक आजार असलेला विद्यार्थी वर्गातील सर्वांत हुशार विद्यार्थ्यांपैकी एक असू शकतो. त्याला सोपा अभ्यासक्रम नको असतो. तोच अभ्यासक्रम थोड्या वेगळ्या वेळापत्रकाने किंवा वेगळ्या जागी बसून पूर्ण करण्याची मुभा त्याला हवी असते. 'इतके चांगले गुण मिळतात, मग आजार कसला?' हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. आजार चढतो आणि उतरतो. सहामाहीत वर्गात पहिला आलेला मुलगा वार्षिक परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडू शकतो, आणि या दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या असतात.

भेदभाव कोणकोणत्या रूपांत येतो

उघड हेटाळणी हे भेदभावाचे सर्वांत ठळक रूप होय. 'वेडा', 'सायको' ही विशेषणे वर्गात सहज उच्चारली जातात आणि कधी शिक्षकही त्यांकडे दुर्लक्ष करतात. परंतु मुलाच्या शिक्षणावर दीर्घकाळ परिणाम करणारी रूपे अधिक शांत, कागदोपत्री आणि वरकरणी समंजस असतात.

प्रवेशाच्या वेळी आजाराची माहिती दिली की 'जागा भरल्या' असे उत्तर मिळते. रुग्णालयातून परतलेल्या विद्यार्थ्याकडे 'पूर्ण बरा झाल्याचे प्रमाणपत्र' मागितले जाते. दीर्घकालीन आजारात असे प्रमाणपत्र कोणताही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञ देऊ शकत नाही. सहलीला, शिबिराला किंवा स्नेहसंमेलनाला 'जबाबदारी कोण घेणार?' असे म्हणत मुलाला घरी ठेवण्यास सुचवले जाते. शाळेचा दहावीचा निकाल घसरू नये म्हणून नववीतच मुलाला थोपवले जाते किंवा पालकांना शाळा सोडल्याचा दाखला स्वतःहून मागण्यास भाग पाडले जाते. महाराष्ट्रात अशा वेळी 'सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा' असा सल्ला दिला जातो. खासगीरीत्या परीक्षेस बसण्याची ती सोय अनेकांना उपयुक्त ठरली आहे, यात शंका नाही. परंतु ज्या मुलाला नियमित शाळेत शिकायचे आहे, त्याच्यासाठी हा सल्ला म्हणजे शाळेबाहेरचा रस्ता दाखवणेच होय.

या प्रत्येक प्रसंगी शाळेकडे लेखी स्वरूपाचा 'नकार' नसतो. दाखला पालकांनीच मागितलेला असतो, सहलीचा अर्ज त्यांनीच भरलेला नसतो. त्यामुळे भेदभाव झाल्याची नोंद कोठेही होत नाही.

कायद्याची वाटचाल

अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ या पूर्वीच्या कायद्यानेही मानसिक आजाराला सात प्रकारच्या अपंगत्वांमध्ये स्थान दिले होते. मात्र नोकरीतील तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंगाशी संबंधित गटांपुरते मर्यादित होते. मानसिक आजार असलेली व्यक्ती यादीत होती, पण लाभांच्या रांगेत नव्हती.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. दिव्यांगत्व हे केवळ व्यक्तीच्या शरीरात किंवा मनात नसते. व्यक्तीची अवस्था आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या परस्परसंबंधातून ते घडते, ही या कराराची मूळ भूमिका होय. २०१६ चा कायदा या भूमिकेवर उभा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या कायद्याच्या कलम १६ अन्वये शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणे, इतरांबरोबर शिक्षणाची आणि खेळाची समान संधी देणे, प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे. येथे 'मान्यता' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. विनाअनुदानित खासगी शाळेलाही चालण्यासाठी मान्यता आवश्यक असते. त्यामुळे 'आम्ही सरकारी पैसा घेत नाही' हा युक्तिवाद या कर्तव्यातून सुटका करीत नाही. कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याचा उल्लेख आहे. अधिक वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासातून सूट ही त्याची उदाहरणे होत.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा दुसरा आधार आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा नंतरच्या दुरुस्तीने देण्यात आली असली, तरी काढून टाकण्याची बंदी कायम आहे. शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही या कायद्याने मनाई केली आहे, आणि हे संरक्षण मिळण्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही.

चाळीस टक्क्यांचा गैरसमज

शाळेच्या कार्यालयात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र आणा, मग बघू.' या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करण्यात आल्या आहेत.

कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती' आणि 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती' अशा दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. ज्या व्यक्तीची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनाविषयक क्षती दीर्घकालीन आहे आणि अडथळ्यांशी संबंध येऊन जिच्या समाजातील पूर्ण सहभागात बाधा येते, ती दिव्यांग व्यक्ती. तिच्यासाठी टक्केवारीची अट नाही. चाळीस टक्क्यांची अट लक्षणीय दिव्यांगत्वासाठी आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणसंस्थांतील किमान पाच टक्के आरक्षण यांसारखे ठरावीक लाभ त्याच्याशी जोडलेले आहेत. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांचा हक्क मात्र प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी 'विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग' या प्रकरणात ही बाब निःसंदिग्ध केली. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, त्याचे दिव्यांगत्व लक्षणीय ठरत नाही या कारणास्तव लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने हा नकार अमान्य केला. वाजवी सोय ही व्यक्तीच्या गरजेनुसार आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच ठरवली पाहिजे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत लेखनअक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला अतिरिक्त वेळ नाकारण्यात आल्याच्या प्रकरणातही न्यायालयाने, दिव्यांग व्यक्तींचे हक्क लक्षणीय दिव्यांगत्वाची अट लादून आकुंचित करता येणार नाहीत, अशीच भूमिका घेतली. ही दोन्ही प्रकरणे मानसिक आजाराची नव्हती. तथापि त्यांतील तत्त्व कायद्याच्या सर्व प्रवर्गांना लागू आहे.

मानसिक आजाराच्या बाबतीत टक्केवारी ठरवण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने विकसित केलेली 'आयडियाज' ही मापनश्रेणी त्यासाठी वापरली जाते. स्वतःची काळजी घेणे, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार क्षेत्रांत शून्य ते चार असे गुण दिले जातात व आजाराच्या कालावधीचे गुण त्यात मिळवले जातात. विद्यार्थ्याच्या बाबतीत 'काम' म्हणजे शिक्षण. आजाराला नुकतीच सुरुवात झालेल्या मुलाला कालावधीचे गुण कमी मिळतात, ही यातील एक स्वाभाविक अडचण आहे. म्हणूनच शाळेतील साध्या सोयीसाठी टक्केवारीवर अडून बसणे अन्यायकारक ठरते.

वाजवी सोय म्हणजे काय

'सोय' हा शब्द ऐकताच शाळांना खर्चाची धास्ती वाटते. मानसिक आजाराच्या बाबतीत बहुतेक सोयी जवळजवळ बिनखर्चाच्या असतात. आजार आणि त्याची औषधे दैनंदिन जीवनात काय करतात हे पाहिले, की त्या आपोआप सुचतात.

द्विध्रुवीय विकारात दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधाने तहान वाढते, वारंवार लघवीला जावे लागते आणि काहींच्या हातांना बारीक कंप सुटतो. अशा विद्यार्थ्याला बाकावर पाण्याची बाटली ठेवण्याची व न विचारता स्वच्छतागृहात जाण्याची मुभा, आणि अक्षरावरून गुण न कापण्याची सूचना एवढेच पुरेसे असते. काही औषधांनी सकाळी गुंगी राहते. तेथे पहिल्या तासिकेच्या उशिरात सवलत देता येते. काही औषधांनी वजन झपाट्याने वाढते आणि तेच थट्टेचे कारण बनते; तेथे वर्गशिक्षकांचे लक्ष हीच सोय होय.

मंत्रचळ असलेला विद्यार्थी लिहिलेले पुनःपुन्हा तपासतो, खोडतो, पुन्हा लिहितो. त्याला अधिक वेळ लागतो. भीतीचे झटके येणाऱ्या विद्यार्थिनीला दाराजवळची जागा आणि झटका आल्यास काही मिनिटे बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी दिली, तर ती पेपर पूर्ण करू शकते. लोकांसमोर बोलण्याची पराकोटीची धास्ती असणाऱ्याची तोंडी परीक्षा संपूर्ण वर्गासमोर न घेता शिक्षकांनी एकट्याची घेतली, तरी त्याच्या ज्ञानाची कसोटी तितकीच होते. नैराश्याच्या तीव्र काळात हुकलेली चाचणी नंतर घेणे, गृहपाठाची मुदत वाढवणे, रुग्णालयातून परतल्यावर पहिले काही दिवस अर्धवेळ येऊ देणे, या सोयींना नवी इमारत लागत नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डाच्या परीक्षेत सवलती ठरवून दिल्या आहेत. त्यांनुसार तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी एक तास अधिक मिळतो. राज्यांच्या मंडळांचेही आपापले नियम आहेत. बोर्डाच्या परीक्षेतील सवलतीसाठी मात्र सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र वेळेत सादर करावे लागते. त्यामुळे परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच ही प्रक्रिया सुरू करणे हिताचे ठरते. शाळेच्या अंतर्गत परीक्षांत दिलेल्या सोयींची नोंदही त्या वेळी उपयोगी पडते.

वाजवीपणालाही मर्यादा आहे. संस्थेवर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेरचा भार टाकणारी सोय कायदा मागत नाही. परंतु भार अवाजवी आहे हे शाळेने कारणांसह सांगावे लागते. 'एकाला दिले तर सगळेच मागतील' हे कारण त्यात बसत नाही.

शिस्त आणि आजार

सर्वांत कठीण प्रसंग उद्भवतो तो वर्तनाचा प्रश्न आल्यावर. आजाराच्या भरात मूल ओरडते, वर्गातून निघून जाते, उलट उत्तर देते, आठवडे गैरहजर राहते. शाळेच्या दृष्टीने हा शिस्तभंग असतो.

या संदर्भात १७ डिसेंबर २०२१ रोजीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्गदर्शक आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील मंत्रचळ व नैराश्य असलेल्या एका अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्यात आली होती. ज्या वर्तनावरून कारवाई झाली त्यामागे मानसिक दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक कारण असले, तरी त्या व्यक्तीला भेदभावापासून संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले. हे प्रकरण नोकरीतील होते, शाळेतील नव्हे. मात्र प्रौढ आणि सशस्त्र दलातील अधिकाऱ्याला जो विचार लागू होतो, तो चौदा वर्षांच्या मुलाला नाकारणे अवघड आहे. शिक्षा ठरवण्यापूर्वी 'हे आजारामुळे घडले का?' एवढा प्रश्न विचारणे, ही शाळेची किमान जबाबदारी ठरते.

याचा अर्थ इतर मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करावे, असा नाही. मानसिक आजार म्हणजे हिंसा, हे समीकरणच मुळात चुकीचे आहे. अशी बहुसंख्य मुले कोणालाही इजा करीत नाहीत. क्वचित प्रसंगी धोका जाणवलाच, तर कोणाला बोलवायचे, मुलाला कोठे शांत बसवायचे, पालकांना केव्हा कळवायचे, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच ठरवून ठेवलेले असावे. ऐनवेळी घाबरून दाखला हातात ठेवण्यापेक्षा हा मार्ग सर्वांनाच सुरक्षित आहे.

सांगावे की लपवावे

प्रत्येक पालकापुढचा खरा पेच हा आहे. सांगितले तर मुलावर शिक्का बसतो. मुलीच्या बाबतीत 'पुढे लग्नाचे काय?' ही धास्ती त्यात मिसळते. न सांगितले तर सोय मागता येत नाही आणि आजाराची लक्षणे दोष म्हणून मोजली जातात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला असून तो उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. शाळेच्या संदर्भात एक व्यावहारिक मार्ग तज्ज्ञ सुचवतात. डॉक्टरांच्या पत्रात आजाराच्या तपशिलापेक्षा गरजेवर भर असावा. 'या विद्यार्थ्यास दीर्घकालीन आजारामुळे पहिल्या तासिकेस उशीर होऊ शकतो, परीक्षेत स्वतंत्र शांत जागेची आवश्यकता आहे' एवढे वर्गशिक्षकांना पुरते. संपूर्ण निदान मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांच्यापुरते मर्यादित ठेवण्याची विनंती लेखी करता येते. सांगण्यासारखे वय असेल तर कोणाला काय सांगायचे, हे त्या मुलालाही विचारले पाहिजे. आजार त्याचा आहे आणि वर्गात बसायचेही त्यालाच आहे.

दाद कोठे मागावी

पहिली पायरी म्हणजे मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज. अर्जात नेमकी कोणती सोय हवी, हे मुद्देसूद लिहावे, डॉक्टरांचे पत्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी विनंतीला मिळालेला तोंडी नकार नंतर सिद्ध करता येत नाही. उत्तर न मिळाल्यास किंवा नकार आल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि शाळा केंद्रीय मंडळाशी संलग्न असल्यास त्या मंडळाकडेही, तक्रार करता येते.

त्यापुढील पायरी म्हणजे त्या राज्याचे दिव्यांग व्यक्ती आयुक्त. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. केंद्रीय संस्थांबाबत नवी दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाता येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबांना आपापल्या राज्याच्या आयुक्तांकडे दाद मागता येईल, कारण कायदा केंद्रीय असल्याने हक्क सर्वत्र सारखेच आहेत. आयुक्तांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही करून ती कळवावी, आणि शिफारस अमान्य असल्यास तेवढ्याच मुदतीत कारणे द्यावीत, अशी तरतूद आहे. शिफारस हा न्यायालयाचा हुकूम नव्हे, ही या व्यवस्थेची मर्यादा होय. राज्य बालहक्क संरक्षण आयोग आणि अखेरीस उच्च न्यायालय हे मार्गही खुले आहेत.

दिव्यांग व्यक्तीला लोकांच्या देखत जाणीवपूर्वक अपमानित करणे किंवा धमकावणे, हा कलम ९२ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. वर्गासमोर मुलाच्या आजाराची टर उडवणे ही क्षुल्लक बाब नाही, याची जाणीव या तरतुदीमुळे व्हावी.

शाळांची बाजू

शिक्षकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. साठ मुलांचा वर्ग, अभ्यासक्रमाचा रेटा, शाळाबाह्य कामे आणि मानसिक आरोग्याचे अपुरे प्रशिक्षण अशा स्थितीत एका मुलाकडे स्वतंत्र लक्ष देणे सोपे नाही. मदतीला तज्ज्ञही पुरेसे नाहीत. देशात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण अवघे ०.७५ असल्याकडे २०२३ मध्ये संसदीय स्थायी समितीने लक्ष वेधले होते. तालुक्याच्या गावी प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेले निर्देश महत्त्वाचे आहेत. 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षीय विद्यार्थिनीच्या विशाखापट्टणम येथील मृत्यूच्या प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संधान बांधावे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांच्या आधारे तुकड्या पाडणे व विद्यार्थ्यांना चारचौघांत लज्जित करणे टाळावे, यांचा त्यात समावेश आहे. दिव्यांग विद्यार्थी आणि पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेले विद्यार्थी यांच्याशी भेदभावरहित वर्तन व्हावे, असेही त्यात म्हटले आहे. संसद किंवा विधिमंडळे कायदा करीत नाहीत, तोवर ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असे न्यायालयाने नमूद केले. शिकवणी वर्गांनाही ती लागू करण्यात आली आहेत, हे विशेष.

समुपदेशकाची नेमणूक म्हणजे मात्र प्रश्नाची सोडवणूक नव्हे. समुपदेशक मुलाचे ऐकून घेतो. परीक्षेत अधिक वेळ द्यायचा की नाही, हा निर्णय मुख्याध्यापकांच्या मेजावर होतो. भेदभाव थांबतो तो त्या मेजावर.

तातडीची मदत

विद्यार्थी किंवा पालक यांना मानसिक ताण असह्य होत असल्यास केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या या सेवेत मराठीतूनही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

औषधांनी आजार आटोक्यात येतो, पण त्या काळात हुकलेले वर्ष, सुटलेली शाळा आणि 'हा आपल्यातला नाही' हा वर्गाने दिलेला निर्वाळा भरून काढणे फार अवघड असते. दाराजवळची एक जागा, पाण्याची एक बाटली, पेपरसाठी एक तास अधिक, एवढ्यावर कित्येकांचे शालेय शिक्षण तरते. कायद्याने ते देण्यास सांगितले आहे. आता ते मागणाऱ्या पालकाला संकोच वाटू नये आणि देणाऱ्या शाळेला ते उपकार वाटू नयेत, एवढेच बाकी आहे.